मोसुल कोणासाठी घेतले?

सातारा तालुक्यातील अपशिंगे मिलिटरी या गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटिश सरकारने गावात स्मारक उभारले. त्या जवानांच्या शौर्याबद्दल तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती आपल्या मुलखातील तरुणांना रणांगणावर धाडणाऱ्या सरकारच्या हेतूविषयी, आणि मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची, मोहीम पाहिली की ती अधिकच बळावते.

डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी ब्रिटिश जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली मेसोपोटेमियातील कूत येथे तुर्कांच्या वेढ्यात अडकून पडल्या होत्या. पीठ संपत आले, घोडे कापावे लागले आणि ते मांस धर्माला निषिद्ध म्हणून अनेक हिंदी शिपायांनी उपासमार पत्करून नाकारले. शरणागतीनंतर या शिपायांना वाळवंटातून पायी हाकण्यात आले, कित्येकांनी वाटेतच प्राण सोडले. टाउनशेंड यांना मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर इतमामाने ठेवण्यात आले.

याच काळात सरकार काय करत होते? ऑक्टोबर १९१५ मध्ये इजिप्तमधील ब्रिटिश उच्चायुक्त मॅकमहन यांनी मक्केचे शरीफ हुसेन यांना, काही प्रदेश वगळून का होईना, अरबांच्या स्वातंत्र्याला पाठिंबा देण्याचे लेखी वचन दिले. मे १९१६ मध्ये ब्रिटनने फ्रान्सशी गुप्त करार करून अरब मुलखाची वाटणी केली, आणि पुढच्याच महिन्यात हुसेन यांनी ब्रिटनच्या भरवशावर तुर्कांविरुद्ध उठाव केला. युद्धात मित्र टिकवण्यासाठी तडजोडी कराव्याच लागतात, हा युक्तिवाद मी काही अंशी मान्य करतो.

पण मेसोपोटेमियाच्या उत्तरेकडील, तेलासाठी महत्त्वाच्या मोसुल शहराच्या बाबतीत तो टिकत नाही. १९१८ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश युद्ध मंत्रिमंडळाचे सचिव मॉरिस हँकी यांनी तेलाच्या साठ्यांवरील ताबा हे युद्धाचे पहिल्या दर्जाचे उद्दिष्ट मानावे, असे लिहिले होते. ३० ऑक्टोबरला तुर्कांशी युद्धविराम झाला, तरीही ब्रिटिश फौज पुढे सरकत राहिली आणि नोव्हेंबरमध्ये तिने मोसुल घेतले, जे १९१६ च्या गुप्त करारानुसार फ्रान्सच्या प्रभावक्षेत्रात होते. लढाई थांबल्यावर, दोस्ताच्या वाट्याचे शहर ताब्यात घेण्यात कोणता बचाव होता? डिसेंबरमध्ये ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांच्याकडून ते तोंडी मागूनही घेतले.

१९२० मध्ये इटलीतील सान रेमो येथे दोस्त राष्ट्रांच्या परिषदेत इराकचा कारभार ब्रिटनकडे सोपवला गेला, आणि त्याच वर्षी तिथल्या लोकांनी उठाव केला, तेव्हा तो मोडून काढण्यासाठीही हिंदुस्थानातूनच फौज मागवण्यात आली.