शब्बू आणि वहाणा

रविवार, रात्री साडेअकरा. डिचोली.

पाऊस संध्याकाळपासून धरूनच आहे. भाचा सुट्टीला आलाय, चौदा वर्षांचा. त्याला भुताचा सिनेमा हवा होता म्हणून मोठ्या तोऱ्यात 'भूत' लावला, आणि तो संपल्यावर त्याच्याच हट्टाने 'भूत रिटर्न्स'. दुसरा लावायला नको होता.

पहिला मी २००३ साली पणजीला थिएटरात पाहिला होता. त्या रात्री मुक्काम मावशीकडे, चौथ्या मजल्यावर. लिफ्टच्या जाळीसमोर उभी राहिले आणि मुकाट जिन्याकडे वळले. डिचोलीच्या कौलारू घरात वाढलेली मी, लिफ्टशी माझं आयुष्यात काही देणंघेणं नव्हतं. तरी भीती बसली ती बसलीच. एकही गाणं नाही, जुना वाडा नाही, घुबड नाही. मुंबईतला एक चकचकीत फ्लॅट. आधीची बाई गॅलरीतून पडून मेली, हे नवऱ्याला ठाऊक असतं आणि तो बायकोपासून ते लपवतो. मला तर वाटतं खरं भूत तिथेच घरात शिरतं. त्या बायकोच्या, म्हणजे ऊर्मिला मातोंडकरच्या, अंगात येणं नंतरचं.

दुसरा २०१२चा. दिग्दर्शक तेच, रामगोपाल वर्मा, पण गोष्टीचा पहिलीशी काही संबंध नाही. नवा बंगला, नवं कुटुंब, मनीषा कोईराला आई. धाकट्या निम्मीला एक मैत्रीण असते, शब्बू, जी दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. कल्पना काय वाईट होती? एवढ्यावर अख्खा सिनेमा निघाला असता. पण तो थ्रीडीत काढलेला, म्हणून कॅमेरा कधी टेबलाखाली, कधी कुठल्या तरी वस्तूच्या आडून डोकावणार. आमच्या साध्या टीव्हीवर त्याचं नुसतं खेळणं झालं. दार वाजलं तरी ढॅण्ण, मांजराएवढं काही हललं तरी ढॅण्ण. पहिल्या सिनेमात भाच्याच्या मांडीवर चिप्सचं पाकीट तसंच राहिलं होतं. दुसऱ्यात त्याने ते संपवून तळाचा चुरासुद्धा चाटला.

"आत्ये, आता आवाज होणार बघ," तो म्हणाला. झाला.

आई बाजूला फणसाची बिकणं सोलत बसली होती. चष्मा न लावताच तिने अर्धा सिनेमा 'पाहिला'. संपल्यावर म्हणाली, "एवढं बोंबलून सांगतात होय? आमच्या वेतोबाच्या नुसत्या वहाणा दाखवतात."

"कसल्या वहाणा?"

मग तिने सिंधुदुर्गातल्या आरवलीच्या ग्रामदेवाचं, वेतोबाचं सांगितलं. लोक नवस फेडायला हातभर लांब चामड्याच्या वहाणा वाहतात. देव रात्री त्या घालून गावची राखण करत फिरतो. फिरताना कुणी पाहत नाही. काही दिवसांनी बघावं तर तळवे झिजलेले.

"खरंच झिजतात, आजी?"

"मी पाहिल्यात ना. टाचेकडे जास्त," आई म्हणाली आणि टरफलं गोळा करून आत गेली.

पोरगा गप्प. टीव्ही बंद केल्यावर न्हाणीपर्यंत मला सोबत घेऊन गेला, आणि परत येताना उंबऱ्याबाहेरच्या स्वतःच्या चपला उचलून आत ठेवल्या. उलट्या करून बघितल्या आधी.