तीन छिद्रांची रेघ

गेल्या हिवाळ्यात लंडनमधील आमच्या नाट्यवेशभूषेच्या कार्यशाळेत, १९३०च्या दशकात घडणाऱ्या एका नाटकासाठी, रात्रीच्या मेजवानीचा झगा शिवण्याचे काम माझ्याकडे आले. सोबत त्या काळातील, कापड बेतण्यासाठीच्या अस्सल कागदी नमुन्याचे जीर्ण पाकीट होते. आत सूचनापत्र नव्हते आणि पातळ कागदाच्या तुकड्यांवर एक अक्षरही छापलेले नव्हते. होती ती केवळ लहानमोठी छिद्रे आणि कडेच्या खाचा. मॅकॉल कंपनीने १९२०च्या सुमारास छापील नमुने बाजारात आणले, तरी इतर कंपन्या पुढेही बरीच वर्षे कोऱ्या कागदाला छिद्रे पाडूनच नमुने विकत असत.

माप एकच होते, छाती ३४ इंच. पूर्वी कोणा बाईने दोन्ही कुशींना, म्हणजे बाजूच्या कडांना, वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या धावदोऱ्याने जोडल्या होत्या. नवा नमुना विकत न घेता तिने हाच आपल्या अंगाला पुरेल इतका वाढवून घेतला होता. इतक्या नाजूक कागदावरचे ते एकसारखे टाके पाहताना मला तिच्याविषयी मनापासून आदर वाटला.

पट्ट्या वगळून मी मांजरपाटावर पहिला कच्चा झगा बेतला. तुकड्याची मधली कड उभ्या धाग्यावर ठेवायची ही सवय हातात मुरलेली, त्यामुळे दुसरा विचारही मनात आला नाही. तो झगा अभिनेत्रीच्या डोक्यावरून जेमतेम खांद्यांपर्यंत उतरला आणि तिथेच अडकला. कुशी उसवून चढवला, तर पोटावर आडव्या चुण्या पडल्या. मापे तपासली, ती बरोबर होती. कापडाला अंगाचा आकार देणाऱ्या चिमट्या, म्हणजे टक्स, शोधले, तर कागदावर ते कुठेच नव्हते.

दुपारी मी तो तुकडा पुन्हा टेबलावर पसरला आणि तीन मोठ्या छिद्रांवर पट्टी ठेवली. ती रेघ मधल्या कडेला समांतर नव्हती, तर ४५ अंशांचा कोन करून तिरकी जात होती. जोडणीची खूण समजून मी सोडून दिलेली ती छिद्रे उभ्या धाग्याची दिशा सांगत होती. झगा उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरका, बेतायचा होता!

आपल्याकडे उरेब म्हटले की गळ्याची पट्टी आठवते. सबंध झगाच उरेब बेतण्याची कला पॅरिसच्या वेशभूषाकार मादलेन व्हिओने यांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फार उंचीवर नेली. लहान लाकडी बाहुलीवर कापड फिरवून त्या झगे रचत, त्यासाठी जास्त पन्ह्याचे (रुंदीचे) क्रेप हे मऊ, लोंबते कापड खास विणून घेत, आणि नक्कल होऊ नये म्हणून लेबलावर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उमटवत. तीच बेतणी स्वस्त कागदी नमुन्यांतून घरच्या शिवणयंत्रापर्यंत पोहोचली, ही गोष्ट मला त्या मूळ झग्यांइतकीच मोलाची वाटते.

दुसरा झगा क्रेपचा बेतला. उरेब कापडात ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, दोन्ही अंगावर तिरके येतात, त्यामुळे विणीतले चौकोन कापडाच्या वजनाने लांबट होतात आणि कापड कंबरेपाशी आपसूक बसते. शिवण ताणली जाऊ नये म्हणून खाली पातळ कागद ठेवून यंत्र चालवले आणि माया, म्हणजे शिवणीबाहेरचे कापड, नेहमीपेक्षा जास्त सोडली. या वेळी झगा डोक्यावरून सरळ खाली उतरला; अभिनेत्री खुर्चीवर बसली, उठली, वळली, तरी कुठेही ओढ पडली नाही.

तरीही त्या दिवशी झग्याची खालची कड दुमडली नाही. झगा रात्रभर टांगून ठेवला आणि सकाळी जमिनीपासून माप घेतले, तेव्हा तो काही ठिकाणी दोन इंच खाली उतरला होता. खडूने खूण करून मी तेवढे कापड कापले, हातानेच बारीक दुमड घातली आणि मूळ नमुना, वर्तमानपत्राच्या पट्ट्यांसकट, पाकिटात परत ठेवला.