पिवळा रंग, गुलाबी अस्तर आणि आईची कावीळ

वॉरहॅमर फोर्टी-के, म्हणजे छोटे सैनिक रंगवून टेबलावर खेळायचा युद्धाचा खेळ, त्यातल्या फौजांचे एवढे रंग पडलेत, निळे अल्ट्रामरीन्स घ्या, लाल ब्लड एंजल्स घ्या, आणि मी निवडले इम्पीरियल फिस्ट्स, डोक्यापासून बुटापर्यंत पिवळेधमक. रोगल डॉर्न या सेनानायकाची माणसं, सातवी लीजन (फौज), खांद्यावर काळी मूठ. दिसायला भारी वाटतात म्हणून घेतले, रंगवायचं कसं याचा विचार केलाच नव्हता.

पहिल्या पाच जणांना काळा प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) मारला, कारण तेव्हा घरात तोच होता. वरून पिवळा लावला तर शेवाळ्यासारखा हिरवट. दुसरा हात, तोच प्रकार. चौथ्या हातापर्यंत चिलखतावरचे रिव्हेट्स बुजून गेले, गुडघ्यांवर रंगाचे गोळे झाले, आणि आईने एकाला चष्म्यासमोर धरून विचारलं, "याला कावीळ झालीय का रे?"

पिवळा असा का वागतो? त्याचे बरेच पिगमेंट मुळात पारदर्शक असतात, त्यामुळे खालचा काळा आरपार दिसतो आणि काळ्यावर पातळ पिवळा म्हणजे डोळ्याला हिरवटच. चित्रकारांचा कॅडमियम यलो चांगला झाकतो पण तो विषारी, आणि आपल्यातले निम्मे लोक ब्रशला टोक काढायला तो सरळ तोंडात घालतात (मी पण).

मग ते पाचही जण धुऊन, घासून काढले आणि यावेळी खाली गुलाबी लावला. हो, गुलाबी! मला पण आधी थट्टाच वाटली होती, पण गुलाबीवर पिवळा ऊबदार येतो, आंब्याच्या रसासारखा, पांढऱ्यावर तोच लिंबासारखा फिका आणि गार दिसतो. जुलै होता, हवा दमट, अशात स्प्रे केला की वर रवाळ थर बसतो म्हणून ब्रशनेच लावला.

त्यावर अ‍ॅव्हरलँड सनसेट, हा पिवळा बेस रंग (खालच्या थराचा, दाट) असल्याने झाकायला बरा, पण पाणी घालून दुधाइतका पातळ करायचा, आणि तीन हात. मधे वाळू द्यायचा, पूर्ण. माझा प्रॉब्लेम तिथेच, पी हळद नि हो गोरी असा स्वभाव, अर्धवट ओल्यावर दुसरा हात फिरवला की खालचा थर ब्रशबरोबर उचलून येतो आणि मधे टक्कल पडतं.

शेडचा, म्हणजे फटीत सावली आणणाऱ्या पातळ रंगाचा, पण एक किस्सा. कॅसँडोरा यलो सगळीकडे ओतला तर मांड्यांवर चहा सांडल्यासारखे डाग पडले, तेव्हापासून बारीक ब्रशने फक्त सांध्यांत आणि फटीत सोडतो. उजळ कडांना फ्लॅश गिट्झ यलो, तोही फक्त हेल्मेटच्या माथ्यावर, खांद्याच्या कडेला आणि बोटांच्या पेरांवर. शेवटी गडद तपकिरी रंगाचे खरचटे, स्पंजच्या तुकड्याने टिपून. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण सांडलेले, चुकलेले डाग त्याखाली बिनबोभाट लपतात.

सार्जंट पूर्ण झाला काल रात्री, डोळे लाल केलेत. बाटलीच्या बुचावर ब्लू-टॅकने चिकटवलेला तसाच नेऊन आईला दाखवला. तिने फिरवून बघितला आणि म्हणाली, "हां, आता हळद लागल्यासारखा दिसतोय." बाकीचे चौघे अजून गुलाबीच उभे आहेत टेबलावर.