फॉस्फेट शून्य, तरी दगड हिरवे का?

रीफ टँक, म्हणजे घरात खाऱ्या पाण्याचा प्रवाळांचा टँक, ठेवणारे नवे-जुने लोक मला हा प्रश्न वारंवार विचारतात: "टेस्टमध्ये नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, पाणी आरओडीआयचं (क्षार काढून शुद्ध केलेलं), तरी दगडांवर केसांसारखं हिरवं शेवाळ वाढतंच आहे. कोणतं औषध टाकू?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते. औषधाचं नंतर बघू. आधी ते शेवाळ खाणारं तुमच्या टँकमध्ये कोण आहे, ते बघा.

नायट्रेट आणि फॉस्फेट म्हणजे शेवाळाचं खत, पण टेस्ट किट फक्त पाण्यात उरलेलं फॉस्फेट दाखवतं. शेवाळानं आधीच शोषून घेतलेलं त्यात दिसत नाही, आणि दगडात मुरलेलंही दिसत नाही. आपले दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याच्यावर फॉस्फेट धरून राहतं. पाण्यातलं कमी झालं की दगड ते हळूहळू परत सोडतो, आणि शेवाळ तर त्या दगडावरच मूळ धरून बसलेलं असतं. त्यात या शेवाळाची भूक फार थोडी. 1983 साली अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ यांनी समुद्रतळाशी वाढणाऱ्या वनस्पतींचं रासायनिक प्रमाण मांडलं: फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे 30 आणि कार्बनचे 550. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमध्ये, म्हणजे प्लवकांमध्ये, हेच प्रमाण 1 ला 16 आणि 106 असं धरतात. म्हणजे एवढ्याशा फॉस्फरसवर शेवाळ भरपूर शरीर उभं करतं. त्याला उपाशी मारायला निघालात, तर आधी कोरल (प्रवाळ) फिकट पडतील.

आणि शून्याच्या मागे लागण्यात दुसरा धोका आहे, डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म एकपेशीय जीवांचा. तपकिरी, चिकट तंतू, त्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे, रात्री विरळ आणि दिवे लागल्यावर पुन्हा दाट, ही त्यांची खूण. काही जाती विषारी असतात, गोगलगायी पटापट मरतात. हिरवं शेवाळ त्यापुढे फार सोसण्यासारखं. म्हणून मी नायट्रेट 5 ते 10 पीपीएम (दहा लाखात इतके भाग) आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएमच्या आसपास राहू देते, आणि फॉस्फेट शोषणारं माध्यम वापरलंच तर थोडं थोडं.

मग खऱ्या प्रवाळभिंतीवर शेवाळ का माजत नाही? तिथे ते उगवत असतंच, पण उगवल्या उगवल्या खाल्लं जातं. कॅरिबियन समुद्रात याचा फार वाईट पुरावा मिळाला. 1983 मध्ये तिथल्या डायाडेमा या लांब काट्यांच्या, शेवाळ चरणाऱ्या सी अर्चिनमध्ये (गोल, काटेरी समुद्री जीव) साथ पसरली आणि वर्षभराच्या आसपास 90 टक्क्यांहून जास्त मेले. जमैकात अतिमासेमारीनं शेवाळखाऊ मासे आधीच संपत आले होते आणि 1980 च्या चक्रीवादळानं प्रवाळ मोडलं होतं. त्यात चरणारे हे शेवटचे जीवही गेले. 1977 च्या सुमारास तिथे प्रवाळाचं आच्छादन सरासरी 52 टक्के होतं, 1993 पर्यंत ते 3 टक्क्यांवर आलं. शेवाळ 4 टक्क्यांवरून 92 वर गेलं. हे आकडे वाचल्यापासून कुणाचाही टँक बघताना माझं लक्ष आधी चरणाऱ्यांकडे जातं.

पण एक अडचण आहे. टर्बो स्नेल या सागरी गोगलगायी कोवळं, आखूड शेवाळ खातात. लांब वाढलेल्या केसांना बहुतेक तोंडच लावत नाहीत. म्हणून पहिली कापणी आपल्याच हातानं करायची, आणि हे काम मनापासून करावं. पाणी बदलायच्या दिवशी पंप बंद करा. एका हातानं शेवाळ मुळाशी धरून उपटा, दुसऱ्या हातात सायफनची बारीक नळी तिथेच धरा, म्हणजे तुटलेले तुकडे इकडेतिकडे पसरणार नाहीत. सुटणारा दगड टँकच्याच पाण्याच्या बादलीत घेऊन टूथब्रशनं घासा; ते पाणी परत टँकमध्ये ओतू नका. हट्टी जागी बाहेर काढलेल्या दगडावर 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड काही मिनिटं लावून दगड धुऊन घ्या, फक्त कोरलपासून लांब. शेवटी पंप चालू करून फिल्टर फ्लॉस (तुकडे अडकवणारा कापसासारखा थर) लावा आणि त्याच दिवशी काढून टाका. दर आठवड्याला थोडा थोडा भाग असं केलंत, की चरणाऱ्यांना खाऊन संपवता येईल इतकंच शेवाळ उरतं.

आता चरणारे. टर्बोसोबत टक्सिडो अर्चिन हा छोटा सी अर्चिन फार कामाचा. तो दगड खरवडून काढतो, जांभळं कोरलाइनसुद्धा (दगडावर थर धरणारं, हवंसं वाटणारं शेवाळ) खातो, ते चालवून घ्यावं. झेब्रासोमा गटातले टँग हे शेवाळखाऊ मासे दिवसभर चरतात, पण त्यांना पोहायला मोठी जागा लागते. लहान टँकमध्ये केवळ शेवाळासाठी टँग आणणं मला मुळीच पटत नाही.

औषधाची वेळ एकाच ठिकाणी येते. शेवाळ जवळून बघा: प्रत्येक काडीला पिसासारख्या दोन्ही बाजूंनी फांद्या असतील, तर ते ब्रायोप्सिस. बहुतेक जीव ते खात नाहीत. त्यावर फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध चालतं, लिटरला साधारण 5 मिलिग्रॅम. पाणी मोजताना दगड-वाळूची जागा वजा करा, फिल्टरमधला औषध शोषणारा कार्बन काढून ठेवा आणि दोन-तीन आठवडे थांबा. मरणारं शेवाळ कुजतं, म्हणून ते उपसत राहा आणि पाण्यावर हवा खेळती ठेवा. लालसर, चादरीसारखा निघणारा थर मात्र सायनोबॅक्टेरियाचा. त्यावर याचा उपयोग नाही. हिरव्या मण्यांचं व्हॅलोनिया न फोडता अख्खं काढा.

दगड स्वच्छ झाले की चरणाऱ्यांकडे दुप्पट लक्ष द्या. शेवाळ संपल्यावर टर्बो आणि अर्चिन उपाशी मरतात, आणि हे बऱ्याच टँकमध्ये कुणाच्या लक्षातही येत नाही. नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापडाचा) तुकडा दगडाला रबरबँडनं बांधून रात्री ठेवा, सकाळी उरलेला काढा. काही दिवसांत ते स्वतःहून त्या जागी यायला लागतात.