पानिपत पट: छावणी अखेर लढाईच्या दिवसापर्यंत पोचली

मंडळी, छावणी जगली! पानिपतच्या तिसऱ्या लढाईचा वॉरगेम मी पटावर मांडतोय, त्याच्या आधीच्या नोंदी वाचलेल्यांना या वाक्याची किंमत कळेल. रसदीचे नियम घातल्यापासून सदाशिवराव भाऊंची छावणी दर वेळी डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच उपाशी मरत होती. मग 14 जानेवारी 1761 ची लढाई खेळायची कोणी? इतिहासात जे घडलं तेच पटावर घडत नसेल, तर ‘असं झालं असतं तर’ला काही अर्थ उरत नाही. आधी मूळ रस्ता नीट चालला पाहिजे, फाटे मग फोडायचे.

या वेळी खरं तर बागपतच्या फाट्यावर लिहायचं ठरलं होतं. ऑक्टोबर 1760 च्या अखेरीस अब्दालीने बागपतला यमुना ओलांडली, तेव्हा तिथला उतार (नदी चालत किंवा घोड्यावरून पार करता येते ती जागा) मराठ्यांनी अडवला असता तर काय, हा तो फाटा. तो सध्या बाजूला. त्याचं कारण खाली येईलच.

अडचण कुठे होती ते आधी सांगतो. माझ्या पटावर लढाईच्या दिवसापर्यंत एक चाल म्हणजे एक आठवडा. छावणीत दीड लाख माणसं धरली आहेत, लढणारी निम्मी आणि बुणगे (फौजेमागचे बिनलढाऊ लोक), यात्रेकरू, बायकामुलं मिळून निम्मी. हा माझा नियम आहे, इतिहासाचा दाखला म्हणून कोणी पुढे ढकलू नये. माणशी रोज अर्धा किलो धान्य, म्हणजे पाऊणशे टन. कुंजपुऱ्याला 17 ऑक्टोबरला हाती लागलेलं धान्य, पतियाळ्याच्या आला सिंगाकडून चोरवाटेने येणारं थोडंफार आणि कहीवर, म्हणजे दाणावैरण गोळा करायला, गेलेली माणसं आणतील ते, एवढी जमा. हे गणित तसं बसत होतं. बसत नव्हते ते घोडे.

घोड्याला रोज तीन किलो चंदी (घोड्याचा दाणा) धरली. ही काही चैन नाही. पन्नास हजार घोडे म्हणजे दिवसाला दीडशे टन. माणसांच्या बरोबर दुप्पट! बैल, उंट, हत्ती अजून मोजलेलेच नाहीत. बैलाच्या पाठीवर सव्वा क्विंटल धरला, तर रोज अठराशे बैल छावणीत येऊन रिकामे व्हायला हवेत. आणि हे सगळं दिल्लीची वाट अब्दालीने रोखलेली असताना.

या आकड्यांनी माझी झोप उडवली, पण त्यातूनच एक गंमत हाती आली. आपल्या छंदातला सगळ्यात लाडका फाटा कोणता? सुरजमल जाटाचा सल्ला. बुणगे, बायकामुलं आणि जड तोफा मागे भरतपूरकडच्या किल्ल्यांत ठेवा आणि हलक्या स्वारांनिशी गनिमी काव्याने लढा, असं तो सांगत होता आणि भाऊंनी ऐकलं नाही. प्रत्येक चर्चेत कोणीतरी ‘बुणगे नसते तर’ म्हणतोच. म्हणून बुणग्यांच्या सगळ्या सोंगट्या पटावरून उचलल्या. पाऊण लाख माणसं गायब. वाचलं काय? सव्वादोनशे टनांपैकी साडेसदतीस. एक षष्ठांश! छावणी जेमतेम दीड आठवडा जास्त टिकली आणि घोडे तसेच मेले. अडीचशे वर्षं ज्यांच्या नावाने बोटं मोडली, ते यात्रेकरू उपासमारीच्या हिशेबात किरकोळ निघाले. चपळाईच्या हिशेबात त्यांचं ओझं मोठंच होतं, ते अमान्य नाही. पण खाणारं तोंड दुसरंच होतं आणि त्याच्या पाठीवर खोगीर होतं.

आता तोडगा. आधी मी घोड्यांच्या सोंगटीला दोनच बाजू ठेवल्या होत्या, वर ताजा आणि खाली मेलेला. चंदी संपली की पलटी. त्यामुळे पुरवठा एका रेषेखाली गेला की सगळी हुजुरात (पेशव्यांचे खास स्वार) एकाच चालीत कोसळायची. खरा घोडा असा मरत नाही. तो आधी अर्ध्या चंदीवर येतो, मग नुसत्या वैरणीवर, पाल्यावर, मग त्याच्यावर बसता येत नाही, आणि पुष्कळ उशिरा मरतो. म्हणून आता चार पायऱ्या केल्या: पूर्ण चंदी, अर्धी चंदी, वैरण, पायउतार. पायरी उतरली की मागणीही उतरते. सगळे घोडे अर्ध्या चंदीवर आणले की दीडशे टनांचे पंचाहत्तर होतात, वैरणीवर गेले की धान्याच्या कोठारातून त्यांचं नाव जवळजवळ पुसलं जातं. म्हणजे छावणी स्वतःचे पाय कापून पोट भरत जाते. हा नियम घातला आणि धान्य जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुरलं. कुठलाही आकडा न वाकवता! त्या रात्री मी एकट्यानेच चहा करून घेतला आणि पट नुसता बघत बसलो.

पण त्या पटावर जे दिसतं ते भयंकर आहे. अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरच्या काशिराजाच्या वृत्तांतात मराठ्यांचे पंचावन्न हजार स्वार मोजलेत. माझ्या पटावर लढाईच्या दिवसापाशी येईतो हुजुरातीच्या दर तीन सोंगट्यांपैकी दोन पायउतार आहेत. गोलाची लढाई, म्हणजे सगळ्यांनी गोल करून एकत्र पुढे सरकायची, का निवडली, यावर आपण इथे किती डोकेफोड केली! पट सांगतो की निवडायला फारसं काही उरलंच नव्हतं. ज्याच्याकडे घोडा नाही त्याने गनिमी कावा कसा करायचा? इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि बंदुका तेवढ्या धान्य मागत नव्हत्या, म्हणून लढाई त्यांच्याभोवती बांधली गेली. गोल फोडून पुढे गेल्याबद्दल बखरीने विंचूरकर आणि गायकवाडांवर खापर फोडलंय, तेही मला आता अर्धंच पटतं. ज्यांचे घोडे अजून धावू शकत होते, ते धावले.

साहित्याबद्दल दोन शब्द, कारण विचारणा झाली होती. नकाशा क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या प्रोग्राममध्येच केला. फुकट आहे, चिवट आहे, एकदा हात बसला की दुसरं काही नको वाटतं. उंचसखलपणाचा थर मात्र घालू नका, पानिपतच्या मैदानात तो नुसता हिरवा चौकोन दिसतो. यमुनेचं पात्रही आजच्या नकाशावरून जसंच्या तसं उचलू नका, नदीने तेव्हापासून कूस बदलली आहे. छपाई फ्लेक्सवर करून घेतली आणि पस्तावलो. छापणाऱ्याने ‘कडेला पांढरं दिसत होतं’ म्हणून नकाशा आडवा ताणला. पानिपत ते सोनपत अंतर बरोबर आणि पानिपत ते यमुना दीडपट! पुन्हा छापायला त्याने पूर्ण पैसे मागितले, तेव्हा सरळ व्हॅसलवर (पटावरचे खेळ संगणकावर मांडायचा प्रोग्राम) गेलो. पडद्यावरच्या सोंगट्यांना हाताची मजा नाही, पण चार पायऱ्यांची सोंगटी तिथे एका टिचकीत फिरते. धान्यासाठी बोहरी आळीतून आणलेले लाकडी मणी मात्र टेबलावर ठेवलेच आहेत. मणी उचलून टाकताना जो जीव जळतो, तो पडद्यावर जळत नाही.

आता बागपत का मागे पडलं ते सांगतो. उतार अडवला की अब्दाली पलीकडेच राहतो, दोन्ही फौजा नदीच्या दोन काठांवर बसतात, आणि मग पुन्हा तेच: पन्नास हजार घोडे एका जागी. फक्त मरण्याची जागा बदलते. सुरजमलच्या सल्ल्यातला आपण नेहमी विसरतो तो दुसरा अर्धा भाग इथे कामाचा आहे. हलके स्वार पांगले की घोडा चंदीकडे जातो, चंदी घोड्याकडे आणावी लागत नाही. गनिमी काव्याकडे मी आजवर लढाईची रीत म्हणून बघत होतो. ती त्याहून आधी वैरणीची रीत आहे.

म्हणून नवा फाटा: पाणी ओसरल्यावर नोव्हेंबरमध्ये मल्हारराव होळकरांना दहा हजार स्वारांनिशी कुंजपुऱ्याच्या बाजूने यमुनापार अंतर्वेदीत (गंगा-यमुनेमधल्या मुलखात) सोडायचं. छावणीतली रोजची तीस टन चंदी वाचते आणि अब्दालीची रोहिलखंडाकडून येणारी रसद तुटते. हेच काम प्रत्यक्षात गोविंदपंत बुंदेल्यांकडे होतं. त्यांनी रसद तोडली तेव्हा अफगाण छावणीत पिठाचे भाव कडाडले होते. पण पंत वयस्कर, अंगाने जड, मूळचे मामलतीचे माणूस. डिसेंबरमध्ये अफगाण सरदार अताईखानाच्या स्वारांनी त्यांना गाठून मारलं आणि दोरी सुटली. तिथे होळकरांसारखा आयुष्य घोड्यावर काढलेला माणूस असता तर?

पहिले निकाल विचित्र आहेत. होळकर सहारनपूरच्या बाजूला जाळपोळ करू लागले की अब्दालीला मिळालेल्या रोहिला सरदार नजीबखानाचा फासा टाकावा लागतो, घरची जहागीर पेटताना तो अब्दालीच्या छावणीत टिकतो का याचा. बहुतेकदा टिकत नाही. आणि तो निघून गेला की तहाचा तक्ता, जो आजवर माझ्या फाईलमध्ये शोभेला होता, एकदम जिवंत होतो. शुजाउद्दौला मध्यस्थी करतच होता, अब्दालीचा वजीर शाहवलीखानही तहाला अनुकूल होता, पाय आडवा घालणारा मुख्य माणूस नजीब. म्हणजे वॉरगेम मांडायला बसलो आणि लढाईच झाली नाही!

एक खुंटी मात्र राहते. मल्हारराव नजीबला धर्मपुत्र मानत, त्याला याआधी त्यांनीच पाठीशी घातलं होतं. ते त्याचा मुलूख खरंच जाळतील? त्यासाठी वेगळा फासा हवा, आणि तो प्रतिकूल असायला हवा. नाहीतर हा फाटा म्हणजे इच्छापूर्तीची गोष्ट होईल. हे लिहिता लिहिता सुचतंय की होळकरांऐवजी जनकोजी शिंद्यांना का पाठवू नये? त्यांचे चुलते दत्ताजी बुराडी घाटावर नजीब-अब्दालीच्या फौजेशी लढताना पडून वर्षही झालेलं नव्हतं, नजीबवर दया दाखवण्याचा प्रश्नच नाही. पण पोरगा अगदी कोवळा आहे आणि जिवावर उदार होऊन अंगावर जाणारा. रसद तोडायला गेला आणि लढाई करून बसला, असंही होईल. दोन्ही चालवून बघतो. दोन वेगळ्या फाईली.

तहानंतरच्या राजकारणाला मी अजून हात लावलेला नाही. इथल्या काहींना लगेच अटक ते कलकत्ता भगवं रंगवायचं असतं, त्यांनी जरा थांबावं. तह झाला तर विश्वासराव जिवंत राहतात, म्हणजे थोरल्या माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळत नाहीत. हा सौदा कोणाला परवडतो ते आधी ठरवा. शिवाय त्याच जानेवारीत तिकडे पाँडिचेरी इंग्रजांनी घेतलं, त्याला आपला तह काहीच करत नाही.

सध्या गाडं अडलंय ते उतारांवर. बागपत आणि कुंजपुरा सोडून नोव्हेंबर-डिसेंबरात स्वारांना यमुना कुठे कुठे पार करता येत असे, याची विश्वासार्ह यादी मला हवी आहे. जुन्या पत्रांत, मुक्कामांच्या टिपणांत कोणाला घाटांची नावं सापडली असतील तर तारखेसह द्या. नुसतं ‘नदीला उतार होता’ एवढ्याने पटावरच्या षटकोनी घरावर (हेक्सवर) खूण करता येत नाही.