नोंद चालू ऑपनं करायची, बंद कुणीही करावी

मिरजेच्या एका मित्रानं विचारलं, तुमच्या आयआरसी बॉटचं लॉगिंग, म्हणजे चॅनलवरच्या बोलण्याची नोंद, बंद करायचं तर सर्व्हरवर लॉगिन करून कॉन्फिग बदलता का? म्हटलं नाही रे, चॅनलमध्येच टाईप करायचं, !नोंद बंद, झालं काम. त्यावर तो म्हणाला मग कुणीही येऊन बंद करेल की. तर हो, कुणीही बंद करू शकतं, आणि ते विचार करून तसं ठेवलंय. त्याला फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

ज्यांना आयआरसी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही इंटरनेटवर गप्पा मारायची जुनी सोय, चॅनल म्हणजे त्यातली गप्पांची एकेक खोली. १९८८ ला फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्क्को ओइकारिनेननं हे चालू केलं आणि अजून चालतंय. नुसता मजकूर, त्यामुळं नेट रांगत असलं तरी मेसेज जातो. पण मूळ आयआरसीत सर्व्हर काहीच साठवून ठेवत नाही, तुम्ही चॅनलवर नव्हता तेव्हा जे बोलणं झालं ते तुमच्यापुरतं गेलं. म्हणून लोक बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, बसवतात, तो चोवीस तास चॅनलवर बसून सगळं लिहून ठेवतो. आमचं चॅनल आधी फ्रीनोड नावाच्या आयआरसी नेटवर्कवर होतं, मे २०२१ मध्ये तिथली मंडळी लिबेरा चॅट ह्या नव्या नेटवर्कला निघाली तसे आम्ही पण गेलो, आणि नव्या जागी लिमनोरिया नावाचा बॉट बसवला, पायथनमधला, जुन्या सुपीबॉटवरून पुढं आलेला. त्यात चॅनललॉगर म्हणून प्लगिन, म्हणजे बॉटला जोडायचा छोटा प्रोग्राम, असतं ते चालू केलं, लॉग वेबपेजवर टाकले, आणि चॅनलच्या टॉपिकमध्ये, म्हणजे आत येणाऱ्याला आधी दिसणाऱ्या ओळीत, लिहिलं की इथलं बोलणं नोंदवलं जातं. हे टॉपिकमध्ये लिहिणं मला फार महत्त्वाचं वाटतं, माणूस आत आला की त्याला पहिल्या सेकंदाला कळलं पाहिजे.

मग जुलै आला. सांगलीकरांना २०२१ चा पुराचा जुलै वेगळा सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटाला इशारा पातळी, ४५ ला धोका, आणि पाणी त्याच्या वर चढत निघालेलं. आमचं चॅनल एरवी लिनक्स आणि मराठी फॉन्टच्या गप्पांचं, त्या दिवसांत तिथं दुसरं काही नव्हतंच, पातळी किती झाली, कोयनेतून विसर्ग किती क्युसेक सोडलाय, कर्नाळ रोड चालू आहे का, शामरावनगरात कुठपर्यंत आलंय. हे सगळं बॉट लिहून घेत होता आणि ते फार उपयोगाचं होतं, कारण पुण्या-मुंबईत अडकलेली पोरं रात्री उशिरा लॉग उघडून आपल्या गल्लीचं काय झालं ते वाचत होती.

पण त्याच बोलण्यात लोक पत्ते टाकायला लागले. मारुती चौकाच्या मागं अमुक घरात आजी एकट्या आहेत, हा त्यांच्या शेजाऱ्यांचा नंबर, कोणी बोटवाल्यांना कळवा. मदत मागणारा माणूस अशा वेळी लॉगिंगचा विचार करत नाही, करूही नये. आणि बॉट ते पण इमानदारीनं वेबपेजवर टाकत होता. एकटी म्हातारी बाई, घराचा पत्ता, आणि सर्च इंजिनला सापडेल असं पान. लॉगिंग बंद करायचा हक्क होता फक्त ऑपला, म्हणजे चॅनल सांभाळणाऱ्याला, आणि आमचा ऑप गावभागात, लाईट गेलेली, फोन बंद. चॅनलवर पंधरा-वीस माणसं जागी होती, सगळ्यांना कळत होतं की हे थांबवायला पाहिजे, आणि एकाच्याही हातात ते नव्हतं. पाणी ओसरल्यावर ते नंबर-पत्ते लॉगमधून हातानं काढले, पण मधले काही दिवस ते तिथं होतेच.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. लॉगिंग चालू करणं आणि बंद करणं हे एकाच बटणाच्या दोन बाजू म्हणून बघू नये. चुकून बंद राहिलं तर थोडं बोलणं हुकेल, चुकून चालू राहिलं तर कुणाचा तरी नंबर गावभर होईल. नुकसान सारखं नाही, मग परवानगी सारखी का ठेवायची? चालू करायचं ते ऑपनं, बंद चॅनलमधला कुणीही करू शकतो, कालच आलेला माणूस सुद्धा.

लिमनोरियात मुळात हे करायचं म्हणजे कॉन्फिग चॅनल प्लगिन्स डॉट चॅनललॉगर डॉट एनेबल ऑफ एवढी लांबण लावावी लागते आणि त्याआधी बॉटला तुमची ओळख पटवावी लागते. शांत बसून करायला ठीक आहे, पण घरात पाणी शिरत असताना फोनवरून कोण टाईप करणार. म्हणून आम्ही छोटं प्लगिन लिहिलं. !नोंद चालू, !नोंद बंद, आणि !नोंद काय, म्हणजे आत्ता काय स्थिती आहे ते बॉट सांगतो. बंदच्या पुढं आकडा दिला तर तेवढी मिनिटं बंद, !नोंद बंद ३०. देवनागरी आकडे वेगळे बदलून घ्यावे लागतील असं वाटलेलं पण पायथनमधलं आकडा वाचायचं इंट हे फंक्शन देवनागरी ३० सरळ ओळखतं, काही करावं लागलं नाही. वेळ संपली की बॉट गुपचूप चालू होत नाही, आधी चॅनलवर सांगतो की एका मिनिटात नोंद सुरू होणार, आणि कुणी परत बंद म्हटलं तर बंदच राहतो.

ही कमांड बॉटला खाजगीत दिलेली चालत नाही. तसं केलं की तो म्हणतो, चॅनलमध्ये सांगा. कारण बंद कोणी केलं, चालू कोणी केलं हे सगळ्यांच्या डोळ्यासमोर व्हायला पाहिजे. लॉगमध्ये पण एक ओळ पडते, नोंद थांबवली, अमक्यानं, इतक्या वाजता. आतलं बोलणं नाही, फक्त तिथं खंड आहे एवढं. नंतर वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की इथं काहीतरी गाळलेलं आहे, नाहीतर तो समजेल की तेवढा वेळ सगळे गप्प होते.

ह्याच्यावर आमच्यात वाद झाला. तासगावचे एक सर आहेत, निवृत्त झालेत पण चॅनलवर सगळ्यात आधी हजर, ते म्हणाले, "बाबांनो, एका फोन नंबरासाठी सगळं बंद केलंत तर पातळीचे आकडे पण गेले की, तेच तर लोकांना पाहिजेत." बरोबर होतं त्यांचं. मग मिरजेची एक पोरगी म्हणाली, "सर, अख्खं चॅनल कशाला बंद करायचं, एक ओळ वगळता येतेय की." लिमनोरियाच्या लॉगरमध्ये ही सोय आधीपासून आहे, चौकटी कंसात नोलॉग लिहून ओळ सुरू केली की ती ओळ लॉगमध्ये जात नाही. फोनच्या कीबोर्डवर चौकटी कंस शोधत बसणं नको म्हणून आम्ही ते बदलून दोन डॅश केलं. -- टाकून नंबर लिहा, चॅनलवर सगळ्यांना दिसेल, लॉगमध्ये जाणार नाही. माझ्या मते रोजच्या वापरात हाच खरा उपाय आहे, आणि !नोंद बंद हे ज्याला डॅश माहीत नाही त्याच्यासाठी बाकीच्यांनी ओढायचं ब्रेक.

चालू करणाऱ्याची ओळख मात्र निकवरून, म्हणजे चॅनलवरच्या टोपणनावावरून, घेऊ नका. माणूस डिस्कनेक्ट झाला की त्याचं निक दुसरा घेऊ शकतो. निकसर्व्ह ह्या नाव नोंदवायच्या सेवेवर लॉगिन केलेलं अकाउंट बघायचं, आयआरसीच्या नव्या नियमांत, म्हणजे आयआरसीव्ही३ मध्ये, अकाउंट-टॅग म्हणून सोय आहे, त्यात प्रत्येक मेसेजबरोबर अकाउंटचं नाव येतं. बंद करणाऱ्याची ओळख तपासतच नाही, तिथं गरज नाही.

अजून एक, नोंद बंद असताना कोण आलं कोण गेलं हे पण लिहायचं नाही असं मी ठरवलं. कोण हजर होतं ही पण माहितीच आहे. करायला गेल्यावर कळलं की जॉईन (चॅनलवर येणं) आणि पार्ट (चॅनल सोडणं) ह्यांच्या मेसेजमध्ये चॅनलचं नाव असतं पण क्विट (आयआरसीच सोडणं) आणि निक बदलण्याच्या मेसेजमध्ये नसतं, तो माणूस कुठल्या कुठल्या चॅनलवर होता हे बॉटनं स्वतः लक्षात ठेवायचं आणि प्रत्येक चॅनलची चालू-बंद स्थिती वेगळी बघून मग लिहायचं. एका चॅनलवर बंद आणि दुसऱ्यावर चालू असं असेल तर हे नक्की तपासा.

स्थिती फाईलमध्ये ठेवा, आणि आधी फाईलमध्ये लिहून मगच चॅनलवर "बंद केली" असं उत्तर द्या. आमचा बॉट घरातल्या जुन्या मशिनवर चालतो, लाईट जाते येते, परत उठल्यावर तो बंद होता तर बंदच उठला पाहिजे. फाईल वाचता आली नाही तरी बंद. उत्तरं पण आखूड ठेवा, आयआरसीची एक ओळ सगळं धरून ५१२ बाईटची आणि देवनागरीचं एकेक अक्षर, मात्रा, अनुस्वार यूटीएफ-८ मध्ये तीन तीन बाईट खातो, लांब वाक्य मधेच तुटतं. आणि कमांड ओळखताना सुरू, सुरु, चालू, चालु सगळं चालू द्या, घाईत लिहिणाऱ्याचं शुद्धलेखन तपासायची ती वेळ नसते.

हे सगळं करूनही एक गोष्ट चॅनलवर आम्ही स्पष्ट सांगतो. बॉटची नोंद बंद झाली म्हणजे कुणाकडंच नोंद नाही असं नाही. प्रत्येकाच्या क्लायंटमध्ये, म्हणजे आयआरसी वापरायच्या प्रोग्राममध्ये, स्वतःचं लॉगिंग असू शकतं, इर्सी ह्या क्लायंटमध्ये ऑटोलॉग आहे, तुमच्या वतीनं सतत जोडून राहणाऱ्या झेडएनसीला लॉगचं मॉड्यूल आहे, त्यावर आमच्या बॉटचा काही ताबा नाही. आमच्या हातात आहे ते वेबवर जाणारं पान. म्हणून !नोंद बंद म्हटल्यावर बॉटचं उत्तर असं ठेवलंय: "वेबवरची नोंद बंद. बाकीच्यांच्या मशिनवर राहू शकते."

प्लगिनचा कोड पाहिजे असेल त्यानं चॅनलवर येऊन मागा. सध्या आपलीच शेवटची ओळ लॉगमधून मागं घ्यायची कमांड लिहितोय, त्यात दुसऱ्याची ओळ काढता यावी की नाही ह्यावर सर आणि माझं अजून जुळलेलं नाही.