शेळीचं सिरम आणि सशाचा कंट्रोल

सोळा शेळ्यांचं सिरम (गोठलेल्या रक्तावरचं पाणी) होतं, एका धनगर मामांच्या कळपातलं. त्यांच्या पाच शेळ्या एकाच वेतात गाभडल्या होत्या. पडलेला जार त्यांनी उघड्या हातांनी उचलून लांब पुरला होता, हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात ब्रुसेला घोळत होता. ब्रुसेला हा जिवाणू, आणि त्याचा रोग शेळीवरून माणसाला होतो.

सिरममध्ये ब्रुसेलाविरुद्धच्या अँटिबॉडी (शरीराची संरक्षक प्रथिनं) असल्या की रोझ बेंगाल या झटपट चाचणीत गुठळ्या होतात. नऊ सिरममध्ये त्या दिसल्या. खात्रीसाठी एलायझा, म्हणजे अँटिबॉडी रंगावरून ओळखणारी चाचणी लावली, तर प्लेटवरचे नमुन्यांचे सगळे वेल (खळगे) फिकट! पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे ज्यात रंग यायलाच हवा असा नमुना, मात्र गडद निळा. कंट्रोल चालला म्हणजे चाचणी चालली, असं धरून मी रोझ बेंगालवरच संशय घेतला. आमच्या मॅडमनी प्लेट पाहून एवढंच विचारलं, "अगं, कंट्रोल कुणाच्या रक्तातला आहे? आणि कॉन्जुगेट कुठलं घातलंस?"

कंट्रोल सशाचा होता आणि कॉन्जुगेट, म्हणजे अँटिबॉडीला चिकटून रंग आणणारं जोडद्रव्य, प्रोटीन ए-एचआरपी. सगळी चूक तिथेच होती.

प्रोटीन ए हे स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या भिंतीवरचं प्रथिन. ते अँटिबॉडीला शेपटाकडून, म्हणजे एफसी भागाला धरतं. अँटिबॉडी अशी उलटी अडकली की पांढऱ्या पेशींना ती शेपटी सापडत नाही आणि जिवाणू वाचतो. आपण त्याच पकडीला एचआरपी हे एन्झाइम जोडतो. प्लेटवर अँटिबॉडी असेल तर प्रोटीन तिला चिकटतं, मग टीएमबी हे रंग देणारं रसायन घातलं की एन्झाइम रंग आणतं. आधी निळा, आम्ल घातल्यावर पिवळा, आणि तो ४५० नॅनोमीटरवर मोजायचा. (एचआरपी हॉर्सरॅडिशच्या मुळातून काढतात. इंग्रज आपल्या शेवग्यालाही हॉर्सरॅडिशचं झाड म्हणत, म्हणून विद्यार्थी गोंधळतात. खरं हॉर्सरॅडिश वेगळं, मोहरीच्या कुळातलं.)

पण ही पकड सगळ्या जनावरांत सारखी नसते. ससा, कुत्रा, डुक्कर यांच्या आयजीजीला (रक्तातल्या मुख्य प्रकारच्या अँटिबॉडीला) प्रोटीन ए घट्ट धरतं, शेळी-मेंढीच्या आयजीजीला अगदी सैल. तीन-चार वेळा धुतलं की ते निघून जातं. माझा सशाचा कंट्रोल म्हणूनच झकास निळा झाला आणि त्याने मला फसवलं. तेव्हापासून ज्या जनावराची तपासणी, त्याच जनावराचा कंट्रोल, यात मी तडजोड करत नाही.

शेळीसाठी हवं ते प्रोटीन जी. ते स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंचं. १९८४ साली ब्यॉर्क आणि क्रोनवाल यांनी ते वेगळं केलं. शेळी, मेंढी, गाय, घोडा, सगळ्यांना ते नीट धरतं. गावाकडून आलेल्या मिश्र नमुन्यांसाठी एकच बाटली पुरते, प्रत्येक जातीसाठी वेगळी दुय्यम अँटिबॉडी (त्या जातीची अँटिबॉडी ओळखणारी दुसरी अँटिबॉडी) मागवावी लागत नाही. मूळ प्रोटीन जी अल्ब्युमिन या रक्तातल्या दुसऱ्या प्रथिनालाही चिकटतं, म्हणून रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुक बदलून बनवलेल्या प्रकारातून तो भाग काढलेला असतो, तोच घ्यावा. कोंबडीच्या अँटिबॉडीला मात्र दोन्ही धरत नाहीत.

ब्लॉकिंगला, म्हणजे प्लेटवरच्या रिकाम्या जागा झाकायला, सिरम वापरू नका, कॉन्जुगेट त्यातल्या आयजीजीलाच चिकटेल. दुधातही थोडं आयजीजी असतं, म्हणून मी जिलेटिन घेतलं. बफरमध्ये सोडियम अझाइड नाही ना, तेही पाहा. त्याने एचआरपी बंद पडतं.

प्रोटीन जी-एचआरपी आणि शेळीचा कंट्रोल घेऊन प्लेट पुन्हा लावली. नवव्या मिनिटाला सात वेल गडद झाले. मला भरून आलं.

पण रोझ बेंगालमधल्या नवांपैकी दोन अजूनही फिकटच होत्या. संसर्ग नवा असेल तर रक्तात आधी आयजीएम हा अँटिबॉडीचा दुसरा प्रकार वाढतो. रोझ बेंगाल तो पकडते, प्रोटीन जी पकडत नाही. म्हणून मामांना फोन केला, "त्या दोघींनाही वेगळं बांधा, कच्चं दूध कुणी पिऊ नका, तीन आठवड्यांनी परत रक्त आणा." ते म्हणाले, "ताई, तुम्ही सांगाल तसं."

तीन आठवड्यांनी त्यांनी दोन्ही नळ्या आणल्या. एक फिकटच राहिली, दुसरी गडद निळी झाली.